शिलाईतली माया

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कॅम्प-१, भिलाई येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 आमचे सारे आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेले. विद्वत्तेच्या नावाने आमच्यापाशी एक बी. ए. ची पदवी आहे, आणि तीही घरात कोठल्या ट्रंकेत आहे हे सौभाग्यवतींनाच ठाऊक. अशा गृहस्थाने 'नाटक-चित्रपटांच्या वेशभूषेचे पदवी-शिक्षण' हा विषय बोलण्यासाठी निवडावा, ह्याचे आपणांस नवल वाटले असेल. विषय आम्ही निवडला हे खरे. परंतु त्याआधी त्याने आम्हांस कसे गाठले, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

ह्या स्मरणिकेसाठी जुनी कागदपत्रे तपासण्याचे काम आमच्याकडे आले. मंडळाच्या कपाटात पत्र्याची एक पेटी आहे. तीत गेल्या पन्नास वर्षांतील गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका, नाटकांची हस्तपत्रके आणि पिवळी पडलेली छायाचित्रे सापडली. लेखक, दिग्दर्शक, नट, नेपथ्य, प्रकाश, पार्श्वसंगीत, एवढेच काय, खुर्च्या पुरविणाऱ्यांचीही नावे त्या पत्रकांत छापलेली आहेत. वेशभूषेपुढे मात्र एक तर रिकामी जागा, नाही तर 'मंडळाच्या भगिनी' असे दोन शब्द. त्या 'भगिनीं'पैकी एक आमची सख्खी धाकटी बहीण होती. तिचे नाव एकाही पत्रकावर नाही.

कॅम्प-१ म्हणजे काय, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. परंतु ही स्मरणिका उद्या आपल्या परगावी गेलेल्या मुलांच्या हाती पडेल, त्यांच्यासाठी सांगतो. सोव्हिएत देशाशी १९५५ साली करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या बांधकामासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. त्यांतच आपले वाडवडील होते. सेक्टरांतील आखीव घरे पुढे अनेकांना मिळाली. काहीजण मात्र ह्या कॅम्पातच रुजले. शेजारी तेलुगू, ओडिया, बंगाली, पंजाबी आणि छत्तीसगढी. अशा शेजारात आपली भाषा टिकवावयाची तर गणपती आणि नाटक ह्यांवाचून दुसरा उपाय आपल्या वडिलधाऱ्यांना सुचला नाही, आणि तो चुकीचाही नव्हता.

नाटक ठरले की पहिला प्रश्न ड्रेपरीचा. ऐतिहासिक नाटक असेल तर जिरेटोप, अंगरखे आणि तलवारी नागपूरहून भाड्याने आणावयाच्या. ट्रंका रेल्वेने यावयाच्या, आणि एखादे वेळी महाराजांचा अंगरखा आमच्या सडपातळ महाराजांच्या अंगावर तंबूसारखा लोंबावयाचा. मग रातोरात त्याला चुण्या घालण्याचे काम आमच्या बहिणीकडे यावयाचे. ती तेव्हा शाळेत होती. पॉवर हाउसच्या बाजारात एक वृद्ध शिंपी होते, त्यांना सारे 'मास्टर' म्हणत. शाळा सुटल्यावर त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून ती काजे करावयास आणि हूक लावावयास शिकली, आणि पुढे कापड बेतावयास शिकली.

एके वर्षी मंडळाने 'एकच प्याला' बसविले. गडकऱ्यांचे हे नाटक १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर रंगभूमीवर आले, आणि गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांनी त्यातील सिंधू अजरामर केली. सुखवस्तू घरातील ही सिंधू शेवटी दळण दळून पोट भरते. आमच्या मंडळातील सिंधूच्या अंगावर शेवटच्या अंकात जे लुगडे होते, ते कोणी तरी हौसेने आणलेले नवेकोरे लुगडे होते. 'दोन ठिगळे लावू, म्हणजे झाले,' असे दिग्दर्शकांचे मत. आमच्या बहिणीला ते पटेना. तिने ते लुगडे चहाच्या पाण्यात बुडवून वाळविले, पुन्हा बुडविले. ओच्याशी आणि गुडघ्यांपाशी दगडाने घासले. खांद्यावरचा पदर मात्र तिने फारसा घासला नाही. आम्ही कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "दादा, दळायला बसणाऱ्या बाईचं लुगडं गुडघ्यावर आणि बसण्याच्या जागी आधी विरतं. पदर ती जपते, कारण चारचौघांत तोच दिसतो."

प्रयोगाच्या रात्री सिंधू रंगमंचावर आली आणि मांडवातील बायकांनी डोळ्यांना पदर लावले. नटीने तोपर्यंत एक वाक्यही उच्चारले नव्हते. टाळ्या तिला मिळाल्या, आणि त्या तिच्याच होत्या. परंतु त्यांतील काही टाळ्या दुसऱ्या कोणाच्या तरी आहेत, हे कोणाच्याही लक्षात आले नाही. आमच्याही आले नाही.

पुढे दोन वर्षांनी आमच्या बहिणीने नागपुरास जाऊन शिवणकलेचा रीतसर अभ्यासक्रम करण्याची इच्छा घरात बोलून दाखविली. वडील प्रकल्पात कामगार होते. त्यांनी नुकत्याच नोकरीला लागलेल्या थोरल्या मुलाचा, म्हणजे आमचा, सल्ला विचारला. आम्ही पदवीधर होतो, सरकारी नोकर होतो, आणि आमचे वय बावीस होते. आम्ही म्हणालो, "शिवण तिला येतंच की! त्याला कसला आलाय अभ्यासक्रम?" ह्या एका वाक्याने प्रकरण निकालात निघाले. बहिणीने वाद घातला नाही. आज ती ह्याच कॅम्पात राहते. गेली तीस वर्षे ती शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाउज शिवून संसाराला हातभार लावीत आली आहे.

बंधुभगिनींनो, गतवर्षी तिच्या मुलीने बारावीनंतर वेशभूषा-निर्मिती शिकण्याचा हट्ट धरला. आमचे भाऊजी घरी आले आणि म्हणाले, "दादा, तुमचं ती ऐकेल. मामा म्हणून तुम्हीच समजवा. शिंप्याचं काम शिकायला चार वर्षं आणि एवढे पैसे घालायचे?" जुन्याच प्रकरणाची फाईल तीस वर्षांनी पुन्हा आमच्या मेजावर आली होती. ह्या वेळी मात्र विषय समजून घेतल्यावाचून शेरा मारावयाचा नाही, असे आम्ही ठरविले. त्यासाठी जे वाचले आणि जे विचारले, त्याचे टिपण आपणांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही की, ह्या विद्येला आपल्याकडे फार जुनी प्रतिष्ठा आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. वेष, अलंकार आणि रंगभूषा ही आहार्यात येतात. म्हणजे वेषाला त्या शास्त्रकाराने अभिनयातच स्थान दिले. मराठी रंगभूमीचा उगम आपण १८४३ साली सांगलीत झालेल्या विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'पासून मानतो. तेव्हापासून कित्येक दशके स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत, आणि पुरुषाची स्त्री करण्याचे अर्धे काम लुगडे-चोळी करीत असे. बालगंधर्वांची शालू-पैठण्यांची हौस आणि त्यापायी झालेला खर्च सर्वश्रुत आहे. त्यांचे नेसणे पाहून घरंदाज स्त्रिया आपले नेसणे बदलीत. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्रा'त तारामतीची भूमिका अण्णा साळुंके ह्या पुरुष नटाने केली. पुढे बालगंधर्वांवरील २०११ सालच्या मराठी चित्रपटाला वेशभूषेचे राष्ट्रीय पारितोषिक नीता लुल्ला ह्यांच्यामुळे लाभले.

आणि ह्या क्षेत्रातील सर्वांत मोठे नाव आपल्या कोल्हापूरचे आहे. भानू अथैया ह्या माहेरच्या राजोपाध्ये. त्यांचा जन्म १९२९ चा. वडील अण्णासाहेब चित्रकार होते. भानूताई मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या, नियतकालिकांसाठी वेषांची चित्रे काढू लागल्या, आणि चित्रपटांकडे वळल्या. 'प्यासा', 'साहिब बीबी और गुलाम' अशी वाटचाल करीत त्या ॲटनबरोंच्या 'गांधी'पर्यंत पोहोचल्या. त्या कामाबद्दल १९८३ साली त्यांना जॉन मोलो ह्यांच्यासमवेत ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पुढे 'लेकिन' आणि 'लगान' ह्या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पारितोषिके मिळाली. आपल्यामागे ती बाहुली नीट जपली जावी म्हणून २०१२ साली त्यांनी ती अमेरिकेतील अकादमीकडे परत सोपविली. २०२० साली त्यांचे निधन झाले. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ती पारितोषिके १९२९ पासून दिली जातात. वेशभूषेला त्यांत स्थान मिळाले १९४९ साली. म्हणजे पत्रकावर नाव न छापण्याचा दोष केवळ आपल्या मंडळाचा नव्हे, एवढे समाधान मानावयास हरकत नाही.

दुसरी गोष्ट, ह्या अभ्यासात शिकवितात काय? आमच्या भाऊजींप्रमाणेच आम्हांसही वाटत होते की, शिवणयंत्र चालविणे, यापलीकडे काय असणार! चौकशीअंती कळले की, यंत्रापर्यंत पोहोचावयास बराच अवकाश लागतो. आधी संहिता वाचावयाची. पात्र कोणत्या काळातले, कोणत्या थरातले, किती पैसे बाळगणारे, आणि कोणत्या प्रवेशातून कोणत्या प्रवेशात किती वेळाने येणारे, ह्याचा तक्ता करावयाचा. मग संग्रहालये, जुनी चित्रे आणि छायाचित्रे पाहून त्या काळचा वेष शोधावयाचा. त्यानंतर रेखाटन. रेखाटन करणारा एक आणि ते कापडात उतरविणारा दुसरा, अशी कामाची वाटणी मोठ्या निर्मितींत असते. शिकताना दोन्ही बाजू शिकाव्या लागतात.

मग येते बेतणे. किमती कापडाला कात्री लावण्याआधी स्वस्त मांजरपाटाचा नमुना शिवून नटाच्या अंगावर घालून पाहतात. त्याला तलवार उपसावयास लावतात, खाली बसवितात. आपण घरात घालतो तो अंगरखा आणि ज्यात लढाई करावयाची तो अंगरखा सारखा बेतून चालत नाही. काखेत जोडतुकडा घालून हाताला मोकळीक द्यावी लागते. एका मिनिटात वेष बदलावयाचा असेल तर बाराबंदीचे बंद नुसते दिसण्यापुरते ठेवून आत हूक लावतात. शिवलेली नऊवारी आज आपल्या मुली सर्रास नेसतात, तीही ह्याच युक्तीच्या कुळातली. रंगांचे तर स्वतंत्र शास्त्रच आहे : हिरव्या प्रकाशझोतात तांबडे वस्त्र काळे दिसते, म्हणून प्रकाशयोजना करणाऱ्याला विचारल्याखेरीज कापड घ्यावयाचे नाही.

पडद्याचे गणित आणखी निराळे. रंगमंचावरचा वेष शेवटच्या रांगेतून ओळखू आला पाहिजे, रोज घामाने भिजला तरी टिकला पाहिजे. कॅमेरा मात्र एका टाक्याच्या अंतरावर येतो. शिवाय चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. नायक धडपडल्याचा प्रसंग आज, आणि धडपडण्यापूर्वीचा महिन्याने. म्हणून एकाच सदऱ्याच्या तीन-चार प्रती शिवून एक स्वच्छ, एक मळकी, एक फाटकी अशा ठेवाव्या लागतात, आणि कोणते बटण उघडे होते याचीही नोंद करावी लागते. निव्वळ पांढरे कापड कॅमेऱ्यासमोर डोळ्यांवर येते, म्हणून ते किंचित चहाच्या पाण्यातून काढतात. नवे कापड घासून, झिजवून जुने करण्याची कला तर ह्या अभ्यासाचा एक रीतसर भागच आहे.

हे वाचले तेव्हा आम्ही चष्मा काढून ठेवला. चहाचे पाणी, आणि गुडघ्यावर घासलेले लुगडे! आमच्या बहिणीला मास्टरांच्या पायरीवर बसून जे आपसूक उमगले होते, तेच लंडनसारख्या ठिकाणी पदवीच्या वर्गात शिकवीत आहेत.

तिसरी गोष्ट, शिकावयाचे कोठे? लंडनच्या विंबल्डन येथील कलामहाविद्यालयात रंगभूमी आणि पडदा ह्यांच्या वेशभूषेची स्वतंत्र पदवी आहे. परंतु परदेशी विद्यार्थ्याला तेथे लागणारा खर्च आपल्यासारख्या नोकरदाराच्या आवाक्याबाहेरचा आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्या देशात हा विषय बहुधा दुसऱ्या एखाद्या विषयाच्या पोटात शिकावा लागतो. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली स्थापन झाले. पुण्यात जन्मलेल्या इब्राहिम अल्काझींनी ते नावारूपाला आणले, आणि त्यांच्या पत्नी रोशन अल्काझी ह्यांनी प्राचीन भारतीय वेषांवर ग्रंथ लिहिला. तेथील तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे, आणि नाटकांतील प्रत्यक्ष अनुभव तेथे मागतात. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्यविषयाची पदवी घेता येते. १९८६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या चार वर्षांच्या पदवीत बेतणे, शिवणे, रंगविणे ह्यांचा पाया पक्का होतो. तेथील प्रवेशपरीक्षेत दिलेल्या साहित्यातून वस्तूही करून दाखवावी लागते. आणि आपल्या उशाशी, खैरागढला, १९५६ साली स्थापन झालेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे, त्याचा आपणांस नेहमी विसर पडतो.

ह्या छत्तीसगढच्या मातीत शिकण्यासारखे काय कमी आहे? रायपूरचे हबीब तन्वीर ह्यांनी नाचातील गावकरी कलावंतांना रंगमंचावर आणले, आणि 'चरणदास चोर' १९८२ साली एडिंबरोला जाऊन गौरव मिळवून आले. भिलाईनजीकच्या गनियारीच्या तीजनबाई आपल्या लुगड्या-दागिन्यांत उभ्या राहत, आणि हातातील एकाच तंबुऱ्याची कधी गदा, कधी धनुष्य करीत. चांपाचा कोसा, बस्तरच्या विणकरांचे आलाच्या मुळ्यांच्या लाल रंगाचे कापड, ही वेशभूषेची पाठ्यपुस्तकेच होत. इचलकरंजीची किंवा येवल्याची मुलगी ज्या गोष्टी पाहावयास येथे येईल, त्या आमच्या भाचीला घरबसल्या दिसतात.

आता आक्षेपांचा विचार करू. भाऊजींचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नव्हते. ह्या व्यवसायात महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार होत नाही. काम मिळते ते मुंबईत, आणि मुंबईत डोक्यावर छप्पर मिळविणे हेच एक काम आहे. नाव रेखाटन करणाऱ्याचे होते. बेतणारा आणि शिवणारा पुष्कळदा अनामिकच राहतो. पदवीमुळे हात चालत नाही, तो शिवूनच चालतो. भानू अथैयांनी तरी वेशभूषेची पदवी कोठे घेतली होती? हे सारे आम्ही भाचीपुढे मांडले. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "मामा, त्या जे. जे. त शिकल्या होत्या. आईला मात्र कुठंच शिकू दिलं नाही. हात तिचा कुणापेक्षा कमी आहे का? मग ती गल्लीतच का राहिली?"

ह्या प्रश्नाचे उत्तर त्या खोलीत फक्त आम्हांसच ठाऊक होते. बहीण दाराशी उभी होती. ती काहीच बोलली नाही. हातातल्या ब्लाउजला हूक लावीत राहिली.

आम्ही त्या दिवशी भाऊजींना लेखी टिपणच दिले, सवयच तशी! चार वर्षांची पदवी देशातच घ्यावी; चित्रपटात काम न मिळाले तरी वस्त्रोद्योगात, संग्रहालयात किंवा शिक्षणात उपजीविका होईल असा पाया निवडावा; सुट्टीत आईजवळ बसून रोज दोन तास शिवावे; आणि खर्चाचा अर्धा वाटा मामाने उचलावा. शेवटच्या कलमावर भाऊजी 'नको' म्हणाले. त्यांना आम्ही सांगितले की, ही मदत नव्हे. जुनी थकबाकी आहे. भाचीने प्रवेशपरीक्षा दिली आहे, निकाल अजून यावयाचा आहे. तो कसाही लागो, प्रकरण आता 'नामंजूर' होणार नाही.

मंडळाला आमची दोन कामे सांगावयाची आहेत. एक, यापुढे आपल्या प्रत्येक पत्रकावर वेशभूषा करणाऱ्याचे नाव पूर्ण छापावे. दुसरे, पन्नास वर्षांत ज्या भगिनींनी आणि बांधवांनी मंडळाचे कपडे शिवले, त्यांची नावे आठवतील त्यांनी ती कार्यवाहांकडे लिहून द्यावीत. त्यांतील काही आज ह्या जगात नाहीत. त्यांची आठवण असणारे तरी आहेत, तोवर हे व्हावे.

शेवटी एक शब्द. शिंपी कापड शिवताना कडेला थोडे जास्त कापड आत सोडतो. वाढत्या अंगाला उद्या उसवून मोकळे करता यावे, म्हणून. आपल्या भाषेत त्याला 'माया' म्हणतात. कॅम्पात राहून आपल्या आईबापांनी आपल्याला वाढविले ते अशीच माया सोडून; म्हणून तर कोणी अभियंता झाला, कोणी आमच्यासारखा फायलींत रमला. आपल्या मुली-मुलांचे आयुष्य बेतताना आपणही अंगाबरोबर बेतू नये, कडेला चार बोटे सोडावीत. आम्ही एकदा ती सोडली नाही, म्हणून हे सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे.